मोझेलकांठची कोरडी वाइन

श्रोतेहो, जर्मनींतील पांढऱ्या वाइनचें नांव काढलें कीं पुष्कळांना प्रथम तिची गोडीच आठवते. माझाही समज तसाच होता. पण जर्मनींत कोरडी वाइनही मुबलक मिळते असें ऐकून मोझेल नदीकांठच्या एका खेड्यांत मीं ती शोधावयास निघालों. पहिल्याच संध्याकाळीं दुकानांतून एक बाटली आणली. तिच्यावर ‘श्पेटलेझे’ असा भारदस्त शब्द होता. एवढा मोठा शब्द ज्या अर्थीं आहे, त्या अर्थीं वाइन कोरडी असलीच पाहिजे, असें मीं मनाशीं ठरवून टाकलें. पेला ओठांस लावला, तों सरबताची आठवण झाली !

कोरडी वाइन म्हणजे जिच्यांत द्राक्षांची साखर जवळजवळ उरलेली नाहीं अशी. रस आंबतांना साखरेचें मद्यार्क होतें. हें काम पुरें होऊं दिलें तर वाइन कोरडी होते. मध्येंच थांबविलें तर गोडी मागें राहते. ‘श्पेटलेझे’ हा शब्द द्राक्षें तोडतेवेळीं किती पिकलीं होतीं एवढेंच सांगतो. पेल्यांतील साखरेविषयीं तो मुका आहे. दोष बाटलीचा नव्हता, वाचणाराचा होता.

दुसऱ्या दिवशीं एका घराच्या दारावर झाडू टांगलेला दिसला. त्या प्रांतांत ही जुनी खूण आहे. मळेवाले वर्षांतून कांहीं महिने आपल्या घरींच स्वतःची वाइन पाजतात व विकतात, आणि दारावर झाडू किंवा डहाळ्यांची जुडी लावतात. आंत एक वृद्ध जोडपें होतें. त्यांचें नांव मीं कोठेंही वाचलें नव्हतें. माझी फजिती ऐकून घरधनीण हंसली आणि तिनें मला बाटलीवरची चिठ्ठी वाचावयास शिकविलें.

‘ट्रॉकन’ हा शब्द आधीं शोधावा. तो असला म्हणजे दर लिटरला साखर फार तर ९ ग्रॅम. मग मद्यार्काचा आंकडा पाहावा. शेंकडा ८ किंवा ९ असेल तर गोडी उरलेली आहे असें समजावें. १२ च्या आसपास असेल तर ती बहुधा कोरडी. ‘गुट्सअबफ्युलुंग’ असें असेल तर द्राक्षें त्याच घरच्या मळ्यांतलीं व बाटलीही तेथेंच भरलेली. गांवाच्या नांवावर मात्र भुलूं नये. पिस्पोर्ट गांवचा ‘गोल्डट्र्योप्फशेन’ हा एक विशिष्ट मळा आहे; परंतु ‘पिस्पोर्टर मिशेल्सबर्ग’ हें १९७१ च्या कायद्यानें आलेलें विस्तृत टापूचें नांव. दोहोंवर गांव तेंच, पण अंतर मोठें !

मग त्यांची कोरडी रीसलिंग आली. प्रथम हिरव्या सफरचंदाची आंबट धार, मागून लिंबाच्या सालीचा किंचित् कडवटपणा. रीसलिंग उशिरां पिकते व आपली आम्लता सोडीत नाहीं. उतारावरचा पाटीचा दगड दिवसा ऊन सांठवितो आणि रात्रीं तें वेलींना देतो, म्हणून इतक्या उत्तरेसही ती पिकते. साखरेचें पांघरूण नसल्यामुळें कोरड्या वाइनमध्यें करणाराची चूक लपत नाहीं. त्या पेल्यांत मला ती सांपडली नाहीं.

निरोप घेतांना वृद्धानें खिडकींतून डोंगर दाखविला. वरचा पट्टा झुडपांनीं भरला होता. “तो आमचाच,” तो म्हणाला, “गुडघे थकले, सोडून दिला.” मोझेलकांठीं असे उतार आहेत कीं तेथें साधें यंत्र चढत नाहीं, ब्रेम गांवचा काल्मोंट तर ६० अंशांहूनही उभा आहे. हातानें केलेल्या कष्टांचें मोल आलें नाहीं कीं मळा रानांत जातो. केवळ नांवाजलेल्या घराण्यांच्याच बाटल्या आपण घेत राहिलों, तर अशा हातांची वाइन चाखण्यापूर्वींच ती संपेल.

म्हणून श्रोतेहो, अपरिचित नांव दिसतांच बाटली परत ठेवूं नका. आधीं चिठ्ठी वाचा, मग एकच पेला चाखा आणि निकाल स्वतःच्या जिभेला देऊं द्या. मीं त्या घरून सहा बाटल्या घेतल्या. उपकार म्हणून नव्हे. त्या चांगल्या होत्या म्हणून.