मुक्त म्हणजे फुकट नव्हे

आम्ही बचत गटातल्या बायका. पापड-लोणची करतोच, पण आमच्यातल्या चौघी संगणकावर लेबलं तयार करतात आणि मोबाइलवर छोट्या फिल्मही काढतात. लेबलं, फिल्म आणि घर या तिन्हींचा मेळ घालताना आम्ही कुठे चुकलो, ते आज सांगायचं आहे.

लेबलांसाठी आम्ही इंकस्केप वापरतो. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते कुणीही वापरावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्टही आम्हाला तसेच मिळाले. मग वाटलं, आपल्याला मिळालं तर आपणही द्यावं. आम्ही एक कोरं लेबल बनवलं. पदार्थाचं नाव, घटक, वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, पत्ता, एफएसएसएआय क्रमांक आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह, सगळ्याला त्यात जागा ठेवली. पेनड्राइव्हवर घालून इतर गटांना वाटलं.

मग निरोप सुरू झाले. “ताई, तेवढं आमचं नाव टाकून द्या.” “जरा रंग बदला ना, तुमचं तर फुकटच असतं.” प्रत्येक काम दहा मिनिटांचं, पण अशी दहा-बारा कामं जेवणं-भांडी उरकल्यावर रात्री बसून करायची. त्यातच दिवाळीच्या तोंडावर शेततळ्यावरची फिल्म मिळाली. त्या कामाचे पैसे मिळणार होते. आदल्या रात्री आमच्यातली एक जण एक वाजेपर्यंत दुसऱ्यांची लेबलं करत बसली. सकाळी शेतावर पोचलो, तर मोबाइलची बॅटरी संपत आलेली आणि मेमरी भरलेली. जुने व्हिडिओ काढून टाकेपर्यंत शेतकरीण ताई बाजाराला निघून गेल्या. तो दिवस वाया गेला. घरी सासूबाईंनी विचारलं, “पैसे मिळत नाहीत, तर रात्र कशाला जाळतेस?”

आम्हाला राग आला. पण प्रश्न खोटा नव्हता.

ब्लेंडर नावाचं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर आहे. २००२ साली ते बनवणारी कंपनी बंद पडली. टॉन रोझेन्डाल यांनी लोकांकडून सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ते सर्वांसाठी मुक्त केलं. लॅटव्हियाची ‘फ्लो’ ही फिल्म त्यावरच बनली आणि २०२५ साली तिला ऑस्कर मिळालं. म्हणजे जगाला जे मोफत मिळालं, त्याची किंमत कुणीतरी मोजलीच होती. आमच्या लेबलाची किंमत आमची झोप मोजत होती.

मग आम्ही बैठक घेतली आणि तीन गोष्टी ठरवल्या. कोरं लेबल सर्वांना मोफतच द्यायचं, पण बदल करून हवे असतील तर तासाचे पैसे घ्यायचे. नाहीतर बुधवारी दुपारी दोन ते चार या, आम्ही शिकवू, तुम्हीच करा. दुसरी गोष्ट, शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी लेबलं बंद. मोबाइल चार्ज करायचा, मेमरी रिकामी करायची. तिसरी गोष्ट घरातली. शूटिंगच्या दिवशी स्वयंपाक कोण करणार, मुलांना शाळेतून कोण आणणार, हे आठवडाभर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. त्याच सासूबाई आता विचारतात, “या महिन्यात माझी पाळी कधी?”

सगळं जमलं असं नाही. एक गट रुसला, अजून बोलत नाही. चौघींपैकी एकीच्या घरी कॅलेंडर काही लागलं नाही, आणि तिने फिल्मचं काम सोडलं. त्याची रुखरुख आहे.

मैत्रिणींनो, गटाच्या वहीत आपण रुपया-रुपया लिहितो. आता तिथेच एक रकाना तासांचा आखा. कुणासाठी किती वेळ दिला, पैसे घेऊन की न घेता, सगळं लिहा. द्यायचं ते मनापासून द्या, पण किती दिलं ते आपल्याला माहीत असू द्या.