नोंदवहीला खिडकी हवी



जमिनीच्या हक्कात बदल झाला, की गावच्या महसुली दप्तरात फेरफाराची नोंद होते. त्या नोंदीचा क्रमांक सातबाऱ्यावर येतो. आजचा हक्क कोणत्या व्यवहारातून आला, याचा माग त्यामुळे काढता येतो.

संगणकाच्या आज्ञावलींसाठीही अशी नोंदवही आहे. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ‘गिट’ निर्माण केले. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली आणि त्याचे कारण काय दिले, हे गिटच्या भांडारात साठत जाते. मात्र ते वाचण्यास संगणकाला लेखी आज्ञा द्याव्या लागतात. ज्याला केवळ पाहावयाचे आहे, अशा अधिकाऱ्यास वा विद्यार्थ्यास ती वाट अवघड वाटते.

ही अडचण ‘गिटवेब’ दूर करते. के सीव्हर्स यांनी पर्ल भाषेत लिहिलेले हे साधन २००६ पासून गिटसोबतच मिळते. त्याची उभारणी फार कठीण नाही. सर्व्हरवर गिट, पर्ल आणि अपाचीसारखा वेब सर्व्हर असावा. सर्व भांडारे एका फोल्डरमध्ये ठेवून त्याचा मार्ग गिटवेबच्या मांडणी-फाईलमध्ये लिहावा. प्रत्येक भांडाराच्या ‘डिस्क्रिप्शन’ फाईलमध्ये एका ओळीचा परिचय द्यावा. एवढे झाले, की ब्राउझरमध्ये भांडारांची यादी उघडते. कोणताही बदल निवडावा. गाळलेल्या आणि घातलेल्या ओळी वेगवेगळ्या रंगांत दिसतात. पाहणाऱ्यास वाचता येते. लेखणी मात्र त्याच्या हाती जात नाही.

येथे दोन गोष्टींची दक्षता अत्यावश्यक आहे. वेगळी सूचना नसेल, तर गिटवेब त्या फोल्डरमधील सर्व भांडारे दाखविते. निवडक भांडारेच दाखवावयाची असल्यास तशी खूण ठरवून मांडणी-फाईलमध्ये नोंदवावी लागते. प्रवेशासाठी ओळख विचारण्याची सोयही गिटवेबमध्ये नाही. तो पहारा वेब सर्व्हरवर बसवावा लागतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एखाद्या फाईलमध्ये चुकून लिहिलेला पासवर्ड आज पुसला, तरी कालच्या नोंदीत तो तसाच राहतो आणि खिडकी उघडताच कोणाच्याही दृष्टीस पडतो. म्हणून भांडार खुले करण्यापूर्वी त्याचा संपूर्ण इतिहास तपासावा आणि असा पासवर्ड आढळल्यास तो तत्काळ बदलावा.

नोंदवही जपणे हे जसे कर्तव्य, तसेच ती योग्य माणसांना वाचावयास देणेही कर्तव्यच होय. खिडकी अवश्य उघडावी. पण घरात काय मांडले आहे, ते आधी पाहून घ्यावे.