परदेशातला आपला पत्ता

(लग्नानंतर अमेरिकेला जाणाऱ्या मुली आणि त्यांचे पालक यांच्या मेळाव्यातील भाषण)



लग्न ठरताना आपल्याकडे मुलाचा पगार विचारतात, कंपनी विचारतात, तिथे घर घेतलंय का तेही विचारतात. आपली मुलगी कुठल्या व्हिसावर जाणार, हे विचारणारं घर मी क्वचितच पाहिलं. "ते तो बघेल ना!" असं म्हणून विषय संपतो. मी अकरा वर्षं न्यू जर्सीत होते. नंतरची काही वर्षं अडचणीतल्या बायकांसाठी काम करणाऱ्या एका गटात दर शनिवारी फोनवर बसत असे. तिथे जे ऐकलं त्यावरून सांगते, सगळं तो बघतो हीच खरी अडचण आहे.

तुमच्यापैकी बहुतेकजणी एच-४ व्हिसावर जाणार. एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याचा जोडीदार आणि मुलं यांचा हा व्हिसा. कायदा 'जोडीदार' म्हणतो, पण मला फोन आले ते बायकांचेच. नवऱ्याची नोकरी गेली तर दोघांनाही फार तर ६० दिवसांची सवलत. घटस्फोटाचा हुकूम झाला की तिचा आधार संपला. नोकरीची परवानगी २०१५ पासून मिळू लागली, तीही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत गेलं असेल तरच. ती स्वतः इंजिनिअर असली तरी त्यानं फरक पडत नाही.

इतक्या परावलंबनातही दोन गोष्टी मात्र तिच्या एकटीच्या नावावर असतात. एक तारीख आणि एक पत्ता.

आधी तारीख. विमानतळावर अधिकारी बोटांचे ठसे आणि फोटो घेतो आणि तुम्हाला कधीपर्यंत राहता येईल ते नोंदवतो. त्या नोंदीला आय-९४ म्हणतात. पासपोर्टावर चिकटवलेल्या व्हिसावर जी तारीख असते ती देशात शिरण्याची मुदत. राहण्याची मुदत आय-९४ वरची. पासपोर्टाची मुदत लवकर संपत असेल तर अधिकारी तेवढ्याच दिवसांची नोंद करू शकतो. म्हणजे एकाच विमानातून उतरलेल्या नवऱ्याला तीन वर्षं आणि बायकोला चौदा महिने, असं होऊ शकतं. २०१३ पासून विमानानं येणाऱ्यांना कागदी चिठ्ठी मिळत नाही. नोंद संगणकावर असते. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर घातला की दिसते, पैसे पडत नाहीत. तिथे राहूनच मुदत वाढवून घेतली, तर नवी आय-९४ मंजुरीच्या कागदाच्या खालच्या भागात छापून येते. तो कागद बहुतेक घरांत नवऱ्याच्या फायलीत जातो. त्याची झेरॉक्स तुमच्याकडे हवीच.

आता पत्ता. घर बदललं की १० दिवसांच्या आत सरकारला कळवायचं. फॉर्मचं नाव एआर-११, फी नाही. परदेशी माणसांच्या नोंदणीचा कायदा तिथे १९४० साली आला. १९८१ पर्यंत तर दर जानेवारीत पत्ता कळवावा लागे, घर बदललेलं असो वा नसो. आज तो जाच नाही, पण १० दिवसांचा नियम आहे. टपाल खात्याला कळवलं म्हणजे हे झालं असं नाही. नवऱ्यानं स्वतःचा पत्ता बदलला म्हणजे तुमचा बदलला असंही नाही. न कळवणं हा गुन्हा आहे, ३० दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. योग्य कारण नसेल तर देशाबाहेर काढायला तो आधारही ठरतो. शिवाय मूल चौदा वर्षांचं झालं की ३० दिवसांत त्याची वेगळी नोंदणी. हे लक्षात ठेवण्याचं काम कुणाकडे येतं ते सांगायला नको.

एका शनिवारचा फोन सांगते. नाशिककडची मुलगी, कडेवर वर्षाचं बाळ, मारहाणीला कंटाळून मैत्रिणीकडे आलेली. नवरा फोनवर एकच वाक्य घोकत होता, "तू घर सोडलंस, आता तू बेकायदा आहेस, पोलिसांना सांगतो." ती त्याच रात्री परत जायला निघाली होती. तिला पासपोर्ट नंबर पाठ होता म्हणून आम्ही नोंद काढली. मुदत संपायला आठ महिने होते. वेगळं राहिल्यानं व्हिसा जात नाही, लग्न कायद्यानं मोडेपर्यंत तो असतो. सोमवारी तिनं स्वतःचा ईमेल उघडून एआर-११ भरला. परत गेली नाही.

तरीही हा नियम करताना घर सोडून लपलेली बाई कुणाच्या डोळ्यांसमोर होती, असं मला वाटत नाही. जीव वाचवायला पळालेल्या बाईनं १० दिवसांत आपला ठावठिकाणा लिहून द्यायचा! अमेरिकन नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डवाल्याच्या मार खाणाऱ्या बायकोला १९९४ च्या कायद्यानं स्वतः अर्ज करता येतो. एच-१बीवाल्याच्या बायकोला तो रस्ता नाही. तिला पोलिसांत जाऊन यू व्हिसा मागता येतो, त्या अर्जाला गुप्ततेचं संरक्षण आहे, पण वर्षाला १० हजारच यू व्हिसा देतात आणि रांग अनेक वर्षांची आहे. म्हणून पत्ता भरण्याआधी तिथल्या महिला संस्थेच्या वकिलाशी बोला. न्यू जर्सीत 'मानवी' १९८५ पासून आहे, न्यूयॉर्कला 'सखी' १९८९ पासून. आणि अर्ज भरताना दोघांचं मिळून जे खातं असतं त्यातून भरू नका, तो पत्ता त्यालाही दिसेल.

मागच्या रांगेतून एक चिठ्ठी आली आहे. "सासूबाई किंवा नवऱ्यानं पासपोर्ट ठेवून घेतला तर?" पासपोर्ट ना सासूबाईंचा, ना नवऱ्याचा. आपल्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारच्या मालकीचा असतो. पोलिसांत तक्रार नोंदवा, तिची प्रत घेऊन भारतीय वकिलातीत जा, दुसरा मिळतो. मात्र आज घरी गेल्यावर जुन्या पासपोर्टाचा नंबर वहीत लिहा, आणि ती वही आईकडे ठेवा.