रंगमंचावरील वाचाळपणा आणि आपण

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, चंद्रपूर येथे झालेले भाषण)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, वधूवर-परिचय, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार अशा विषयांवर बोलण्याची आपली परिपाटी आहे. आज मात्र कार्यकारिणीने आम्हांस निराळ्याच विषयावर बोलण्याची आज्ञा केली. गतवर्षीच्या हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यातील एका गावी जो प्रकार घडला त्याची चर्चा वर्षभर आपल्या घरोघरी चालू आहे. त्या प्रसंगी आम्ही स्वतः तेथे हजर होतो. म्हणूनच हे काम आमच्याकडे आले असावे.

आपला हा झाडीपट्टीचा मुलूख नाटकवेडा आहे, हे आपणांस सांगावयास नको. दिवाळी सरली, धान घरात आले, मंडई भरली, की वडसा येथील नाटकमंडळ्या गावोगाव निघतात. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक हा आपल्याकडील कित्येक गावांचा वर्षाचा मोठा उत्सव. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरेधायरे जमतात, आणि पहाटेपर्यंत मंडपातून कोणी उठत नाही. या रंगभूमीचा कणा म्हणजे तिचा विनोदी नट. गडचिरोली जिल्ह्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या मानाने साऱ्या झाडीपट्टीचीच मान उंचावली. विनोदी नटाचा पेशा किती मोलाचा आहे हे आपण जाणतो. म्हणूनच त्याच्या तोंडून वेडेवाकडे निघाले की ते अधिक लागते.

त्या रात्री दुसरा अंक चालू होता. ध्वनिक्षेपक बिघडला होता म्हणून आपल्या समाजातील एका तरुणाने मागून 'आवाज वाढवा' अशी हाक दिली. एकदा दिली, दोनदा दिली. विनोदी नटास ती टोचली असावी. त्याने नाटक तेथेच थांबवून त्या तरुणास नाव विचारले, आडनावावरून जात ताडली आणि मग संहितेत नसलेले, सगळे पदरचे, असे काही बोलत सुटला की आम्ही थक्क झालो. शिंपी म्हणजे कापडचोर, गिऱ्हाइकाचा वार कापून घरच्या चोळ्या शिवणारा, इथपासून त्याने आरंभ केला आणि शेवटी आपल्या आयाबहिणींपर्यंत तो पोहोचला. ते शब्द येथे उच्चारण्याची आमची इच्छा नाही. परंतु एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: मंडप हसत होता. पुष्कळ जण हसत होते.

आपली दहाबारा मुले उठली. एकाने विजेच्या यंत्राकडे धाव घेतली, दुसऱ्याने पडद्याची दोरी कापण्यासाठी विळा मिळवला. गावातील वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून त्यांना आवरले, अर्धा तास नाटक बंद राहिले आणि पुन्हा कसेबसे उरकले. पहाटे मंडळी परतत असता आपल्याच समाजातील एक वृद्ध आजी त्या मुलांना म्हणाली, "पयल्या अंकात त्यानं ढिवराची नक्कल केली, तवा त तुमीच हासत होते ना रे? आता आपल्या घरावर आली त मंडप पाडाले निंगाले!"

बंधुभगिनींनो, त्या प्रश्नाला मुलांजवळ उत्तर नव्हते, आणि आमच्याजवळही नव्हते. कारण पहिल्या अंकात त्या नकलेला आम्हीही हसलो होतो. आमच्यापासून चार हातांवर ढिवर समाजाची काही कुटुंबे बसलेली होती. त्यांपैकी कोणी उठले नाही, कोणी ओरडले नाही. त्यांच्या मनाला काय वाटले असेल, हा विचार आमच्या मनास तेव्हा शिवला नाही. तो दुसऱ्या अंकात शिवला.

असे प्रसंग आपल्याच मुलखात घडतात असे नाही. अमेरिकेत मायकेल रिचर्ड्‌स नावाचे विख्यात विनोदी नट आहेत. १९८९ ते १९९८ या काळात चाललेल्या 'साइनफेल्ड' या दूरचित्रवाणी मालिकेने त्यांना घरोघरी पोहोचविले. १७ नोव्हेंबर २००६ रोजी लॉस एंजेलिसनजीकच्या एका विनोदगृहात त्यांचा प्रयोग चालू असता वरच्या सज्जातील काही कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी व्यत्यय आणला. रिचर्ड्‌स यांचा तोल सुटला आणि ते वंशावरून अत्यंत नीच शिव्या देऊ लागले. आरंभी काही प्रेक्षकांना तो खेळाचाच भाग वाटून हसू आले. मग हसणे थांबले, आणि कित्येक जण उठून सरळ बाहेर निघून गेले. कोणी खुर्ची मोडली नाही. एकाने भ्रमणध्वनीवर टिपलेले दृश्य थोड्याच दिवसांत जगभर गेले. २० नोव्हेंबर रोजी रिचर्ड्‌स यांनी दूरचित्रवाणीवरून क्षमा मागितली. ते क्षमा मागत असताना तेथील प्रेक्षक पुन्हा हसू लागले, कारण विनोदी नट बोलतो म्हणजे हसावयाचे ही सवय जडलेली! तेव्हा त्यांचे सहकलावंत जेरी साइनफेल्ड यांना प्रेक्षकांस सांगावे लागले की, हसू नका, ही हसण्याची गोष्ट नाही. पुढे रिचर्ड्‌स यांनी तसे एकपात्री विनोदाचे प्रयोग करणे सोडून दिले.

या प्रसंगातून आम्हांस एक बोध होतो. रंगमंचावरील वाईट शब्दाला खरे बळ प्रेक्षकाच्या हसण्याने मिळते. हसू आटले की तो शब्द उघडा पडतो. त्यासाठी विळ्याची गरज लागत नाही.

आता आपल्याच राज्यातील दोन उदाहरणे पाहू. ती एकाच वर्षातील आणि एकाच जागेशी निगडित आहेत. मुंबईत खार येथे 'हॅबिटॅट' नावाचे छोटेखानी प्रेक्षागृह होते. तेथे चित्रित झालेल्या एका विनोदी कार्यक्रमात एका पाहुण्याने स्पर्धकास आईवडिलांसंबंधी अश्लील प्रश्न विचारला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो प्रसारित होताच देशभर संतापाची लाट उसळली. पोलिसांत गुन्हे नोंदले गेले, कार्यक्रमाचे सर्व भाग काढून घेण्यात आले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने त्या पाहुण्यास अटकेपासून तात्पुरते संरक्षण दिले, परंतु कठोर शब्दांत त्याची कानउघाडणीही केली. पुढे दिव्यांगांची चेष्टा केल्याचे प्रकरण त्या कार्यक्रमाच्या सूत्रधारावर व आणखी काही विनोदकारांवर आले. ऑगस्टमध्ये न्यायालयाने त्यांना जाहीर क्षमा मागावयास सांगितले. नोव्हेंबरमध्ये त्याने सूत्रधारास व इतरांस असे सांगितले की, दिव्यांगांच्या कर्तृत्वाची ओळख करून देणारे कार्यक्रम महिन्यातून किमान दोनदा करावेत आणि त्यांतून त्यांच्या उपचारांसाठी निधी उभा करावा. ज्या जिभेने दुखविले तिलाच सेवेस लावावे, हा न्याय आम्हांस फार मोलाचा वाटला.

दुसरा प्रसंग मार्च २०२५ मधील. त्या वेळी उपमुख्यमंत्री असलेले श्री. एकनाथ शिंदे यांच्यावर एका विनोदकाराने विडंबनगीत म्हटले. २३ मार्चच्या रात्री त्यांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्याच प्रेक्षागृहात शिरून मोडतोड केली. त्यानंतर चालकांनी ते प्रेक्षागृह बंद करीत असल्याचे जाहीर केले. गाणारा दुसराच होता, आणि हानी सोसली ती जागा चालविणाऱ्याने. येथे एक भेद ध्यानात घ्यावा अशी विनंती आहे. राज्यकर्त्याने केलेल्या कृतीवर टीका होते. ती रुचो वा न रुचो, लोकशाहीत ती ऐकून घ्यावी लागते, आणि ज्यास ती अन्यायाची वाटेल त्याला न्यायालय मोकळे आहे. परंतु जन्म ही कोणाची कृती नव्हे. जातीवरून, व्यंगावरून, बाईच्या अब्रूवरून माणसाला हिणविणे हा टीकेचा प्रकारच नव्हे. या दोहोंना एका मापाने मोजू नये. मोडतोड मात्र दोन्हीकडे सारखीच निषिद्ध.

राग वाहवत गेला की कोठवर जातो, याचेही उदाहरण आपल्या राज्यातच आहे. 'आम्ही पाचपुते' या विनोदी नाटकाने धार्मिक भावना दुखावल्या असे मानून ४ जून २००८ रोजी ठाण्याच्या गडकरी रंगायतनात स्फोट घडविण्यात आला. सात माणसे जखमी झाली. दुखावलेली भावना घेऊन निघालेला माणूस अखेर कोणाला दुखवितो, हे त्यावरून दिसते.

तेव्हा आपल्या मुलांनी त्या रात्री जे आरंभिले होते त्याचा थोडा हिशेब करू. मंडप कोणाचा? गावातल्याच भाडेकऱ्याचा. वाजंत्री, दिवाबत्ती पाहणारा, बाहेर चहाची टपरी मांडणारी विधवा, या साऱ्यांचे पोट त्या चार महिन्यांच्या हंगामावर. आणि ज्या पडद्याची दोरी कापावयास आपला मुलगा निघाला होता, तो पडदा कोणी शिवला होता? वडशाच्या नाटकमंडळ्यांचे पडदे, राजाचे अंगरखे, राणीचे शालू आपल्यासारख्यांच्याच यंत्रावर शिवले जातात. दोरी कापली असती तर आपल्याच एका ज्ञातिबांधवाचे रात्र रात्र जागून केलेले काम मातीत गेले असते.

दुसऱ्या दिवशी काय झाले, हे पुष्कळांना ठाऊक नाही. आपल्यातील चार वडील माणसे नाटक आणणाऱ्या मंडळाकडे गेली. जाताना त्यांनी ढिवर समाजातील दोघा ज्येष्ठांना सोबत येण्याची विनंती केली. त्यांपैकी एक जण शांतपणे म्हणाले, "आम्हाला याची सवय आहे, तुम्हाला नव्हती." पण ते आले. विनोदी नटास बोलाविण्यात आले. रात्रीचा रंग उतरलेला, सलग कित्येक रात्रींच्या जागरणाने डोळे तारवटलेले, असा तो एक साधा गरीब माणूस होता. त्याने आपली क्षमा मागितली. आपल्या मंडळींनी आग्रह धरला की त्याने प्रथम ढिवर समाजाची क्षमा मागावी, कारण प्रथम आघात त्यांच्यावर झाला होता. त्याने तीही मागितली. नंतर आपल्यातील एका गृहस्थांनी हात जोडून म्हटले, "त्या नकलेला आम्हीही हसलो, आमचेही चुकले." आमच्या मते त्या दिवसातील खरे मोठे वाक्य तेच.

आपल्या कित्येक तरुणांचे यावर समाधान झालेले नाही, हे आम्ही जाणतो. 'क्षमेने काय होते?' असे ते विचारतात. त्यांचा राग खोटा नाही. आपल्या आईविषयी भर मंडपात कोणी बोलावे आणि आपण गप्प बसावे, असे आम्ही मुळीच सांगत नाही. सहन करणे आणि मोडतोड करणे, यांमध्ये पुष्कळ मार्ग आहेत. नाटक थांबवा अशी उभे राहून स्पष्ट मागणी करता येते. सगळ्यांनी मिळून शांतपणे उठून जाता येते, आणि अर्धा मंडप रिकामा झाला की कोणत्याही नटास त्याचा अर्थ कळतो. आयोजकांकडे लेखी तक्रार देता येते. प्रसंगी पोलिसांकडे जाता येते. अनुसूचित जाती-जमातींच्या बांधवांचा जाहीर ठिकाणी जातीवरून अपमान करणे हा तर १९८९ च्या कायद्याने गुन्हाच आहे. तसे घडले तर त्यांच्या बाजूने साक्ष देण्यास आपण पुढे झाले पाहिजे. आणि सर्वांत सोपा उपाय असा की, आपल्या गावी नाटक ठरविताना करारातच लिहून घ्यावे: कोणत्याही जातीचे नाव घेऊन पदरची वाक्ये घालावयाची नाहीत.

परंतु बाहेरच्यांना अटी घालण्यापूर्वी आपल्या घरात पाहणे बरे. याच संमेलनाच्या विविधगुणदर्शनात गेली कित्येक वर्षे आपली मुले जी प्रहसने करतात, त्यांत बोबड्या माणसाची, जंगलातून आलेल्या भोळ्या माणसाची, सासूसुनेची चेष्टा असते. आपण कौतुकाने टाळ्या देतो. मुले नट होण्याआधी प्रेक्षक होतात, आणि कशाला हसावे हे ती आपल्या तोंडाकडे पाहून शिकतात. यंदाच्या प्रहसनांच्या संहिता कार्यकारिणीने आधी वाचून पाहिल्या, एक बदलावयास लावली, हे आपणांस ठाऊक असेलच. त्याबद्दल काही पालकांनी नाराजी दर्शविली. त्यांना आमची नम्र प्रार्थना आहे की, त्या रात्री मंडपात आपल्या मुलाच्या जागी आपण होतो असे क्षणभर समजावे.

आपण स्वतःस श्रीनामदेवांचे म्हणवितो. मंगळवेढ्यास गावकूस कोसळून चोखोबा त्याखाली गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून पंढरीस आणणारे नामदेव महाराज होते, असे परंपरा सांगते. महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे आणि पायरीशी नामदेवांची. ज्यांना त्या काळी शिवणेही पाप मानले जाई, त्यांच्या अस्थी आपल्या पूर्वपुरुषाने स्वहस्ते वेचल्या. त्यांच्या वंशात जन्मल्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी शेजाऱ्याच्या अपमानास हसावे, हे शोभत नाही.

पुढील हंगामात पुन्हा मंडप पडतील, पुन्हा आपण सहकुटुंब जाऊ, आणि जावेच. पोटभर हसावे. फक्त आपल्या शेजारी कोण बसले आहे, एवढे एकदा पाहून घ्यावे.