खुनाचं खरं नाव



माझ्या संशोधनासाठी मी अत्याचाराच्या फिर्यादी वाचते. त्यांत ‘किरकोळ वादातून’ हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. जात कागदावरून पुसायला तेवढे पुरतात. म्हणून आज अमेरिकेतल्या एका कायद्याबद्दल बोलते.

२९ मार्च २०२२ रोजी तिथे एमेट टिल यांच्या नावाच्या लिंचिंगविरोधी कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी सही केली. लिंचिंग देशपातळीवर पहिल्यांदाच द्वेषमूलक गुन्हा ठरलं. शिक्षा ३० वर्षांपर्यंत कैद.

एमेट १४ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. १९५५ साली मिसिसिपीत त्याला मारलं. जगाने पाहावं म्हणून आईने शवपेटी उघडी ठेवली. ज्युरी सगळी गोरी. तासाभरात आरोपी सुटले. पुढे त्यांनीच एका मासिकाला कबुली दिली.

तुम्ही म्हणाल, खून आधीही गुन्हाच होता ना? होता. पण स्थानिक पोलीस आणि ज्युरी मारणाऱ्यांच्याच समाजातले. म्हणून देशाचा कायदा हवा होता. पहिलं विधेयक १९०० साली जॉर्ज हेन्री व्हाइट यांनी मांडलं. तेव्हा ते तिथल्या संसदेतले एकमेव कृष्णवर्णीय सदस्य होते. १९२२ साली डायर विधेयक खालच्या सभागृहात मंजूर झालं, सिनेटमध्ये अडवलं गेलं. दोनशेच्या आसपास प्रयत्न, १२२ वर्षं.

आपल्याकडे अ‍ॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा. तरी खैरलांजीत खून सिद्ध झाले आणि तो कायदा लागू झाला नाही. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०३(२) आहे: वंश, जात, भाषा अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेला खून. त्या यादीत ‘धर्म’ हा शब्द नाही.

म्हणजे कायदा आला तरी कारण कागदावर यावं लागतं. आयडा बी. वेल्स यांनी तेच केलं. गुलामगिरीत जन्मलेल्या या शिक्षिका. १८९२ साली मेम्फिसमध्ये त्यांच्या मित्राचं लिंचिंग झालं. त्यांनी गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतले आकडे गोळा करून छापले. जमावाने त्यांच्या वृत्तपत्राची कचेरी फोडली. लिहिणं थांबलं नाही.

आपल्या घरात पहिली पदवी आपली आहे. वस्तीतलं कुणी फिर्याद द्यायला निघालं, तर सोबत जा. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा, मगच सही होऊ द्या. प्रत मागा, ती मोफत मिळते. आणि ‘किरकोळ वाद’ लिहिलेलं दिसलं, तर तिथेच हरकत घ्या.

जय भीम.