कामाच्या जागी चार्जिंग : खर्च कोणाचा, फायदा कोणाचा?

विजेवरची स्कूटर आता धाराशिवच्या रस्त्यावर नवलाची राहिलेली नाही. प्रश्न येतो तो ती चार्ज कुठे करायची याचा. भाड्याच्या खोलीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने वायर खाली कशी सोडायची? जुन्या वाड्यात मीटर एक आणि बिऱ्हाडे चार. अशा माणसाची गाडी दिवसाचे आठ तास उभी असते ती कामाच्या जागी. मग तिथेच सोय केली तर?

आधी हिशेब पाहू. तुळजापूरहून धाराशिवला रोज येणारा कर्मचारी जाऊन-येऊन साधारण 45 किलोमीटर चालवतो. महिन्याचे 25 दिवस धरले आणि पेट्रोलची गाडी लिटरला 45 किलोमीटर देते असे मानले, तर 25 लिटर पेट्रोल लागते. लिटरला 100 रुपये धरले तरी अडीच हजार रुपये. विजेच्या स्कूटरला एवढ्याच अंतरासाठी गळतीसह रोज दोन युनिट पुरतात. महिन्याला 50 युनिट, दहा रुपये दराने 500 रुपये.

आता मालकाची बाजू. अशा दहा गाड्या असतील तर महिन्याला 500 युनिट, म्हणजे 5 हजारांचे बिल. ते फुकट द्यावे असे मुळीच नाही. पंधरा अँपिअरचे पॉइंट, चांगले अर्थिंग, एमसीबी आणि वेगळा सबमीटर यांवर 25 हजार खर्च झाला असे धरा. कर्मचाऱ्यांकडून युनिटला 12 रुपये घेतले, तर वरच्या दोन रुपयांतून महिन्याला हजार रुपये सुटतात आणि 25 महिन्यांत खर्च वसूल होतो. कर्मचाऱ्याचे तरीही महिन्याला 1900 रुपये वाचतात. वाहन चार्ज करून देणे ही वीजविक्री नसून सेवा आहे, त्याला परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 2018 मध्येच स्पष्ट केले आहे.

खरी मेख मंजूर भारात आहे. स्कूटरचा चार्जर पाऊण किलोवॉटच्या आसपास भार घेतो. सकाळी दहाला आल्या आल्या दहाही गाड्या लावल्या, तर साडेसात किलोवॉटचा भार एकदम वाढतो. मागणीनुसार बिल येणाऱ्या कारखान्याला तो महिनाभर भोवू शकतो. पाच गाड्या जेवणाच्या सुटीआधी आणि पाच नंतर लावल्या, की भार निम्मा होतो. त्यासाठी यंत्र नको, शिस्त हवी. लाखो रुपयांचा जलद चार्जर इथे शोभेचा ठरेल. आठ तास उभ्या असलेल्या गाडीला घाई कसली?

शिवाय दुपार ही आपली श्रीमंती आहे. केंद्राने 2023 मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून, सूर्यप्रकाशाच्या तासांत विजेचा दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवण्याचे तत्त्व आणले. घरी रात्री चार्ज करताना मात्र वापर शंभर युनिटांपुढे गेला, की पुढच्या टप्प्याचा चढा दर लागतो. गाड्यांच्या शेडवर पाच किलोवॉटचे सौर पॅनेल बसवले, तर दिवसाला सरासरी 20 युनिट मिळतात. आपल्या दहा गाड्यांना तेवढेच लागतात. आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बॅटरीला सावली मिळते, ती वेगळीच.

म्हणून साखर कारखाना असो, महाविद्यालय असो की सरकारी कचेरी, आधी चार्जर विकत घेऊ नका. आधी एक कागद फिरवा : गाडी कोणाकडे आहे, किती लांबून येता, घरी सोय आहे का? ज्यांच्या अंगणात प्लग आहे ते कामाच्या जागी फारसे लावणार नाहीत. उरलेल्यांची संख्या मोजा, महावितरणच्या कार्यालयात मंजूर भाराची आणि वाहन चार्जिंगच्या वेगळ्या दराची चौकशी करा, आणि चार पॉइंटांनी सुरुवात करा. गरज वाढली तर वाढवता येईल. ज्याला घरी प्लग नाही, त्याचा महिन्याचा पेट्रोलचा खर्च कमी होणे, हीच या सोयीची खरी कमाई.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)