आई-वडिलांच्या नावाची पावती



मुंबईच्या एस. एन. डी. टी. विद्यापीठाचे नाव आपण ऐकले असेल. ही अक्षरे एका आईच्या नावाची आहेत, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाख रुपये दिले व आपल्या मातोश्रींचे नाव दिले. त्या रकमेत संगमरवरी स्मारक सहज उभे राहिले असते.

आपल्या समाजातही असे उदाहरण आहे. सर मोहम्मद युसुफ यांनी मुसलमान मुलांच्या उच्च शिक्षणासाठी १९१४ साली ८ लाख रुपये दिले. जोगेश्वरीला कॉलेज उघडले ते १९३० साली! पण इस्माईल युसुफ कॉलेज त्यांच्या वडिलांच्या नावाने आजही चालू आहे.

आपण म्हणाल, ही शेठ लोकांची गोष्ट झाली. बीड जिल्ह्यातल्या माणसाने लाख कोठून आणावेत? दिवाळीच्या सुमारास येथील कुटुंबेच्या कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुले बरोबर जातात, शाळा मागे राहते. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मला ठाकरसींपेक्षा कर्व्यांत सापडते. एवढी देणगी मिळूनही हे गृहस्थ स्वस्थ बसले नाहीत. १९२९ साली, सत्तरी ओलांडलेली असताना, ते परदेशी निघाले. युरोप, अमेरिका, जपान, पुढे आफ्रिका. संस्थेची माहिती सांगायची आणि मदत मागायची.

म्हणून माझी विनंती श्रीमंतांना नाही. ज्याचे वडील किंवा आई अल्लाहला प्यारे झाले आहेत, त्याने एक रक्कम मनाशी ठरवावी. ऊसतोड मजुराच्या एका मुलाचा वसतिगृहातला सहा महिन्यांचा जेवणखर्च, एवढीच. ती सगळी आपल्या खिशातून देऊ नये, देता येत असली तरी. वडिलांच्या ओळखीच्या पन्नास माणसांकडे जावे. कोणी वीस रुपये देईल, कोणी नुसता चहा पाजील. पण वडिलांची एखादी गोष्ट सांगितल्यावाचून कोणी सोडणार नाही, आणि ती आपण घरी कधी ऐकलेली नसेल. चाळिसाव्याच्या जेवणासाठी कर्ज काढणारी घरेही आहेत. दस्तरखान उठला की ते संपते, कर्ज तेवढे राहते. सदका-ए-जारिया म्हणतात ते माणसामागे चालू राहणारे दान, आणि इल्म त्यातच मोडतो.

आता व्यवहाराचे. पावतीवर देणाऱ्याबरोबर मयताचेही नाव लिहावे. जकात आणि साधी देणगी यांची पावतीपुस्तके वेगळी असावीत; जकातीचे हकदार ठरलेले आहेत, ती भिंतीला आणि रंगाला लावायची नसते. हिशेब मुलांनीच लिहावा, नववीच्या मुलाला जमाखर्च मांडता येतो.

मुलींनीही आईच्या नावाने वही घालावी. दारोदार पाठवायला घरचे कचरतील, तर मोहल्ल्यातल्या बायकांकडून रोज मूठमूठ ज्वारी बाजूला काढून ठेववावी. आपल्याकडे रोकड नसली तरी ज्वारी-बाजरी बहुतेक घरांत असते. महिनाअखेर ती मोजून वसतिगृहाच्या कोठीत द्यावी, आणि वहीत रुपयांच्या रकान्याशेजारी किलोंचा रकाना आखावा.